काळका ते सिमला : आगगाडी की मोटार?

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी पहाटे काळका स्थानकावर उतरतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एका अंगाला अरुंद रुळांवर लहान लहान डब्यांची गाडी उभी असते, आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडताच भाड्याच्या मोटारींचे चालक 'सिमला, सिमला' असा पुकारा करीत थेट सामानालाच हात घालतात. मोटार सुमारे तीन तासांत सिमल्यास पोहोचविते; आगगाडीला पाच तास लागतात, कधी त्याहून अधिक. ज्याने आधी आरक्षण केलेले असते तो मुकाट्याने रुळांकडे वळतो. ज्याने केलेले नसते त्याला अर्धवट झोपेत, मुले व बोचकी सांभाळीत, सौदा करावा लागतो.

आमच्या घरी हा प्रश्न काळक्यास नव्हे, तर दिल्लीच्या सरकारी बिऱ्हाडातच, चहाच्या वेळी निघाला. २०२४ च्या एप्रिलात पुण्याहून मेहुणे आले होते व गावाकडून आई आली होती. मेहुणे मोटारीच्या पक्षाचे. "भावोजी, दोन तास वाचतात. शिवाय वाटेत हवे तिथे थांबता येते," हे त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. आईने काहीच म्हटले नाही. आणि तिचे न बोलणे मला समजत होते. तिला मोटार लागते. पुष्कळ वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला एका लग्नास जाताना कुंभार्ली घाटात तिचे जे हाल झाले, तेव्हापासून तिने घाटातील मोटारीचा प्रवास सोडला तो सोडलाच. घरातील कुणी महाबळेश्वरास निघाले की, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे तिचे ठरलेले वाक्य. ते वाक्य दिल्लीतही ऐकावे लागणार, अशी चिन्हे दिसू लागली होती. माझ्यापुरते सांगावयाचे तर, रजा-प्रवास सवलतीच्या नियमांत खासगी भाड्याची मोटार बसत नाही, हे मला तोंडपाठ होते; पण घरच्या माणसांपुढे नियम वाचून दाखविण्यात अर्थ नसतो.

कारकुनाचा स्वभाव असा की, प्रकरण पुढे आले की त्याने मागील कागद पाहावेत. मी ते पाहू लागलो, आणि ध्यानी आले की काळका ते सिमला या साठ मैलांवर 'कशाने जावे' हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. तो विचारणारे बदलले, वाहने बदलली. परंतु प्रत्येक वेळी त्याचे उत्तर एकाच गोष्टीवरून ठरले, ती म्हणजे कुणाच्या वेळेची किंमत मोठी धरली गेली. आपणासारख्या परमुलखात नोकरी करणाऱ्यांना ही कथा विशेष जवळची वाटावी, कारण तिच्यात साहेबांइतकेच कारकूनही आहेत.

सिमला हे मुळात डोंगरकड्यावरील खेडे. मेजर चार्ल्स प्रॅट केनेडी याने १८२२ मध्ये तेथे पहिले पक्के घर बांधले. १८२७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्ट तेथे उन्हाळा काढून गेला, आणि पुढे मोठ्या साहेबांची रीघ लागली. तेव्हा वाट होती ती कसौली-सबाथूवरून चढत जाणारी पायवाट. साहेबाने घोड्यावर बसावे, मडमेने 'झंपान' नामक डोलीत बसावे, आणि तो भार पहाडी माणसांनी खांद्यावर वाहावा, अशी व्यवस्था होती. सामानासाठी खेचरे व हमाल. खाली सपाटीवर उन्हाने लाही होत असता वर देवदारांच्या सावलीत राज्य करावे, ही कल्पना रुजल्यावर १८६४ मध्ये सर जॉन लॉरेन्स याने सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी ठरविली. राजधानी कलकत्ता! म्हणजे सुमारे बाराशे मैलांचे अंतर. दर वर्षी एक साम्राज्य आपली दप्तरे बांधून हिमालयावर चढू लागले व थंडी पडताच पुन्हा खाली उतरू लागले.

त्यापूर्वीच, १८५० च्या सुमारास, लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचे काम सुरू झाले होते. काळक्यावरून सिमल्याला व तेथून पुढे तिबेटच्या दिशेने जाणारा हा मार्ग. नाव व्यापाराचे, पण उपयोग प्रामुख्याने सरकारच्या चढण्या-उतरण्याचा. त्यासाठी डोंगरी संस्थानांतील प्रजेकडून वेठ घेतली गेली. वेठ हा शब्द आपल्या खेड्यांतील जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. शेतीचे काम टाकून सरकारी ओझी वाहण्याची ही सक्ती सिमल्याच्या पहाडांत विसाव्या शतकातही चालू होती; १९२०-२१ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स यांनी तिच्याविरुद्ध पहाडी शेतकऱ्यांच्या बाजूने लढा दिला. हेच स्टोक्स पुढे त्या भागात सफरचंदाच्या बागा लावणारे म्हणून प्रसिद्धी पावले. सफरचंदे सर्वांना ठाऊक असतात, वेठीची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

गाडीरस्ता तयार झाल्यावर टांगा आला. हा टांगा आपल्या मिरज-कोल्हापूरच्या टांग्यासारखा निवांत नव्हे. दोन दणकट पहाडी घोडी जुंपलेली, दोन चाकांची बुटकी, पाठीला पाठ लावून बसण्याची गाडी. दर चार-पाच मैलांवर ताज्या दमाची घोडी जोडावयाची, शिंग फुंकीत वळणे घ्यावयाची, आणि अठ्ठावन्न मैल सुमारे आठ तासांत काटावयाचे. टपालाला व साहेबाला घाई. म्हणून ताजी घोडी त्यांच्यासाठी. सरकारी सामान बैलगाड्यांतून दिवसचे दिवस रखडत वर जाई.

आगगाडीची कल्पना मात्र रस्त्याहूनही जुनी, हे वाचून मला गंमत वाटली. १८४७ साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटण्याच्या सहा वर्षे अगोदर, 'दिल्ली गॅझेट' या पत्राच्या एका वार्ताहराने सिमल्यापर्यंतच्या लोहमार्गाचा आराखडा मांडला होता. हिंदुस्थानात उतारूंची गाडी अजून धावलीही नव्हती, आणि लोक हिमालयावर गाडी चढविण्याची स्वप्ने पाहत होते. प्रत्यक्षात पहाडाची पाहणी १८८४ नंतर झाली. १८९१ मध्ये दिल्ली-अंबाला-काळका मार्ग सुरू झाला आणि मोठ्या रुळांची गाडी पायथ्याशी येऊन थांबली. २९ जून १८९८ रोजी त्याच कंपनीशी पुढील मार्गाचा करार झाला. रूळ दोन फूट रुंदीचे असावेत असे प्रथम ठरले होते. परंतु लष्करी खात्याने हरकत घेतली. इतरत्र वापरात असलेल्या लष्करी उपयोगाच्या लहान मार्गांशी मेळ राहावा म्हणून अडीच फुटांचा आग्रह धरला गेला, आणि १९०१ मध्ये करार बदलून घेतला. एवढ्या सहा इंचांनी किती खडक जास्त फोडावा लागला असेल, याचा अंदाज ज्याने कधी घाटात रस्तारुंदीचे काम पाहिले आहे त्याला येईल.

९ नोव्हेंबर १९०३ रोजी वाहतूक सुरू झाली. सुमारे ९६ किलोमीटर लांबी. काळका समुद्रसपाटीपासून ६५६ मीटर उंचीवर, आणि सिमला स्थानक दोन हजार पंचाहत्तरच्या आसपास. तेहतीस फूट चालावे तेव्हा एक फूट चढावे, इतकी चढण. नऊशेहून अधिक वळणे, त्यांतील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या केवळ ३७ मीटरांची. साडेआठशेहून अधिक पूल, आणि बहुतेक सारे दगडी कमानींचे. एकावर एक कमानींचे मजले रचून ओढ्यावरून वाट नेण्याची ही पद्धत रोमन लोकांच्या जलसेतूंची आठवण करून देते. कनोहजवळचा चार मजली पूल पाहताना गाडीतील माणसे एकाच बाजूच्या खिडक्यांकडे धावतात.

बोगद्यांच्या संख्येची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती पुढे आमच्या घरी वादाचा विषय झाली. मुळात बोगदे १०७ होते. १९३० मध्ये नव्याने क्रमांक देण्यात आले तेव्हा ते १०३ भरले. त्यांतील ४६ क्रमांकाचा बोगदा २००६ मध्ये काढून टाकला. म्हणजे आज प्रत्यक्षात १०२ उरले; परंतु शेवटच्या बोगद्यावर अजून १०३ हाच आकडा आहे, आणि सिमल्यात त्या आसपासच्या वस्तीलाही लोक 'एकशे तीन' असेच म्हणतात. एकदा नोंदवहीत चढलेला क्रमांक वस्तू नाहीशी झाली तरी चालूच राहतो, याचे नवल सरकारी कचेरीतील माणसाला तरी वाटू नये.

सर्वांत लांब बोगदा बडोगचा, क्रमांक ३३, ११४३ मीटरांचा. बडोग नावाच्या अभियंत्याने दोन्ही टोकांकडून खोदकाम आरंभिले, पण मधे टोके जुळली नाहीत. सरकारने त्यास एक रुपया दंड केला, आणि तो अपमान सहन न होऊन त्याने आत्महत्या केली, असे सांगतात. नंतर मुख्य अभियंता हॅरिंग्टन यास भल्कू नावाच्या एका पहाडी माणसाने काठीने खडक ठोकून ठोकून योग्य दिशा दाखविली, अशी कथा आहे. या कथेतील कागदोपत्री किती व लोकांच्या तोंडची किती, हे वेगळे करणे कठीण. मला एवढेच वाटते की, अपमानाचा एक रुपया लोकांनी इतकी वर्षे ध्यानात ठेवला, आणि खडक ओळखणाऱ्या अशिक्षित भल्कूलाही 'बाबा' म्हणून ध्यानात ठेवले, यात त्या पहाडी लोकांचा न्याय दिसतो. जे मजूर खोदकाम करीत होते त्यांची नावे मात्र या कथेतही नाहीत.

बांधणीचा व देखभालीचा खर्च एवढा झाला की, या मार्गावर सपाटीवरील मार्गांपेक्षा चढे दर आकारण्याची मुभा कंपनीला द्यावी लागली. तेवढ्यानेही भागेना. अखेर १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने सुमारे एक कोटी एकाहत्तर लाख रुपयांना हा मार्ग विकत घेतला. व्यापारी दृष्टीने पाहता हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. पण राज्य करणाऱ्यांच्या आठ तासांचे सहा तास होत असतील तर असले हिशेब कोण पाहतो?

आता कारकुनांकडे वळू. दर वर्षी सरकार वर चढे तेव्हा दप्तरांच्या पेट्यांबरोबर बाबू लोकही चढत. त्यांतील पुष्कळसे बंगाली, पुढे पंजाबी. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याचे जाहीर झाल्यावर अंतर कमी झाले, पण फेरा चुकला नाही. वर गेलेल्यास सिमला-भत्ता मिळे, त्यासाठी अर्जफाटे होत. मुलांच्या शाळा अर्ध्यावर तुटत, कुणी कुटुंबास मागे ठेवी, कुणी बरोबर नेऊन फागलीसारख्या खालच्या उतारावरील दाटीच्या घरांत राही. सिमल्याची वस्तीच अशी की, ज्याचा हुद्दा मोठा त्याचे घर उंचावर. कारकुनाने सकाळी चढून कचेरी गाठावी आणि संध्याकाळी उतरून घरी यावे. १९२१ च्या मे महिन्यात गांधीजी सिमल्यास प्रथम गेले तेव्हा त्यांनी या सरकारचे वर्णन पाचशेव्या मजल्यावरून कारभार करणारे, अशा आशयाने केले होते. त्या पाचशेव्या मजल्यावर टाचण्या टोचणारी बोटे आपल्यासारख्यांचीच होती. त्या लोकांना आगगाडीने जावे की टांग्याने, हे कुणी विचारले नाही. ज्या तारखेला हुकूम निघेल त्या तारखेला, ज्या डब्यात बसवतील त्या डब्यात बसणे, एवढेच त्यांचे स्वातंत्र्य.

सिमल्यात आजही उभी असलेली रेल्वे बोर्डाची इमारत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १८९६-९७ मध्ये ती ओतीव लोखंड व पोलाद वापरून बांधली, आगीपासून कागद सुरक्षित राहावेत म्हणून. आणि ते काम मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रूडास या कारखान्याचे. भायखळ्यावरून जाणाऱ्या आमच्यापैकी अनेकांनी त्या कारखान्याचे नाव वाचले असेल. बाबूंची घरे लाकडाची व फायलींचे घर पोलादाचे, ही तत्कालीन सरकारची क्रमवारी होती.

मोटार या कथेत आली ती प्रथम मानाची वस्तू म्हणून. सिमला गावात मोटार चालविण्याचा अधिकार व्हाइसरॉय, सरसेनापती व पंजाबचा गव्हर्नर या तिघांनाच. बाकी सर्वांनी घोड्यावर, रिक्षात नाही तर पायी. रिक्षा म्हणजे चार-पाच माणसांनी ओढण्या-ढकलण्याची गाडी. आपल्या माथेरानलाही मोटारीस बंदी आहे. १९०७ पासून नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी तेथे चढते आणि मोटारी दस्तुरीपाशी थांबतात. परंतु माथेरानची बंदी सर्वांना सारखी आहे. सिमल्याची बंदी तीन माणसे सोडून उरलेल्यांसाठी होती. आज मॉलवर मोटारींस मनाई आहे, परवान्यांचा कायदा आहे, आणि पायी चालणाऱ्यांची गर्दी आहे. ती मूळची साहेबी सोय सामान्यांच्या उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

काळका-सिमला रस्त्यावर भाड्याच्या मोटारी धावू लागल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. येथे एका मराठी माणसाचे नाव येते, आणि ते फारसे कुणी या संदर्भात घेत नाही. १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने रस्ते-विकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ च्या अहवालात समितीने सांगितले की, लांब पल्ल्याच्या रस्त्यांचा भार प्रांतांना व स्थानिक संस्थांना पेलण्यापलीकडे गेला आहे. मोटारी वापरणाऱ्यांकडूनच पेट्रोलवर ज्यादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे चार आण्यांचा कर सहा आणे झाला व वाढीव दोन आण्यांतून मध्यवर्ती रस्ते-निधी उभा राहिला. देशातील मोटार-रस्त्याला पैसा मिळाला तो या दोन आण्यांतून.

रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, आणि रेल्वेचे उतारू घटू लागले. तेव्हा सरकारने मिचेल व कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेचा तपास करण्यास सांगितले. त्यांच्या अहवालानंतर एप्रिल १९३३ मध्ये एक परिषद भरली, आणि ती भरली कोठे? सिमल्यासच! आगगाडी की मोटार, या प्रश्नावर विचार करण्यास जमलेली ती सारी मंडळी त्या दिवशी स्वतः वर कशाने आली होती, हे पाहावयास मला आवडले असते. त्या विचारमंथनाच्या ओघातून पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा निघाला. कोणती मोटार कोणत्या मार्गावर उतारू नेऊ शकेल यावर परवान्याचा लगाम त्याने घातला, आणि १९८८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली तरी परवाना राहिलाच. काळक्याच्या तळावरील भाड्याच्या मोटारीच्या अंगावर परवान्याची जी अक्षरे रंगविलेली असतात, त्यांची वंशावळ या वादापर्यंत जाते. रेल्वेनेही आपल्या परीने उत्तर दिले होते: रुळांवरून धावणारी, पण तोंडवळा जुन्या मोटारबसचा, अशी एकाच डब्याची 'रेलमोटर' तिने या मार्गावर आणली. पंधरा-वीस उतारू, पुढे काच, आणि समोर मोकळा डोंगर. स्पर्धकाची टोपी घालून मैदानात उतरावे तसा हा प्रकार.

एक रात्र मात्र अशी आली की, त्या दिवशी या चिमुकल्या मार्गावर साऱ्या देशाचे लक्ष होते. ऑगस्ट १९३१. दुसऱ्या गोलमेज परिषदेस गांधीजींनी जावे की नाही, यावर सिमल्यात व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्याशी बोलणी चालली होती. २७ ऑगस्टला समझोता झाला तेव्हा नेहमीची शेवटची गाडी निघून गेली होती, आणि मुंबईहून २९ ला सुटणारी बोट चुकली तर परिषदेस वेळेवर पोहोचणे अशक्य. सरकारने सिमल्याहून काळक्यास खास गाडी सोडली आणि पुढच्या गाड्या थांबवून ठेवल्या. बरोबर जवाहरलालजी होते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या धावपळीचा उल्लेख केला आहे. बाबूंना ज्या तारखेस सांगतील त्या तारखेस वाहून नेणाऱ्या त्या मार्गाने, त्या रात्री एका पंचा नेसलेल्या माणसाच्या वेळेसाठी आपले वेळापत्रक मोडले. गोलमेज परिषदेतून काय निष्पन्न झाले, तो निराळा विषय.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. फाळणीनंतर काही वर्षे पूर्व पंजाबची राजधानी सिमल्यास होती, ती १९५३ मध्ये चंदीगढला गेली. १९७१ मध्ये हिमाचल प्रदेश पूर्ण राज्य झाले. १९५५ पासून डिझेल इंजिने आली आणि १९७१ च्या सुमारास वाफेची नियमित वाहतूक संपली. हावड्याहून काळक्यास येणाऱ्या मेलचे नाव २०२१ मध्ये नेताजी एक्सप्रेस झाले, तरी हमाल अजून 'काळका मेल'च म्हणतात. २००८ मध्ये युनेस्कोने हा लोहमार्ग जागतिक वारशात घेतला. सरकारने डोंगरावर जाणे केव्हाच सोडले होते. आता सहलीची माणसे जाऊ लागली.

दरम्यान रस्ता चौपदरी होऊ लागला. परवाणूपासून पुढे डोंगराची कूस उभी कापून काढलेली दिसते. कुमारहट्टीपाशी आता रस्त्यालाही बोगदा आहे. मोटारीचे दोन तास जे वाचतात ते येथे वाचतात. आणि २०२३ च्या पावसाळ्यात त्याची किंमतही दिसली. ऑगस्टच्या आरंभी परवाणूजवळ चक्की मोड येथे रस्त्याचा मोठा तुकडा दरीत गेला आणि कित्येक दिवस वाहतूक अडली. १४ ऑगस्टला समर हिलवर दरड कोसळली. ती शिवमंदिरावर आली, श्रावणी सोमवारच्या पूजेस जमलेली सुमारे वीस माणसे गेली. तीच दरड रुळांखालची भूमी घेऊन गेली आणि रूळ अधांतरी लोंबत राहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत पूर्ण मार्गाने गाडी धावू शकली नाही. शंभर वर्षांपूर्वीची दगडी कमान टिकते आणि नवा रस्ता ढासळतो, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्या वर्षी दोहोंचीही सारखीच दैना झाली, आणि तेथील डोंगर मुरमाड व भुसभुशीत आहे हे दोन्ही वाहनांना लागू आहे. फरक असला तर एवढाच की, जुना मार्ग डोंगराला वळसे घालीत गेला, कारण वळसा घालण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. नव्या रस्त्याकडे यंत्रे आहेत. वळसा नको असेल तर डोंगर काढता येतो.

हे सारे मी घरी सांगितले नाही. एवढेच म्हणालो की, दोन आरक्षणे मिळत आहेत. मी आणि आई गाडीने जातो, बाकीच्यांनी मोटारीने यावे. मेहुणे म्हणाले, "मावशी, पाच तास कंटाळाल हो." आई म्हणाली, "मला कुठं कचेरीत जायचंय?"

सकाळच्या गाडीत आम्ही बसलो. टकसाल, गुम्मन, कोटी अशी लहान लहान स्थानके येऊ लागली. गाडी इतक्या हळू चढे की, आई रुळांलगतच्या झाडांची नावे विचारू शके आणि समोरच्या बाकावरील सोलनचे गृहस्थ ती सांगू शकत. धरमपूरपाशी खाली रस्ता दिसला, त्यावर मोटारींची रांग. एका वळणावर आमचाच मागचा डबा खिडकीतून दिसला तेव्हा तिने लहान मुलासारखा त्याला हात केला. पोटात कालवल्याची तक्रार नव्हती, लिंबू व आवळासुपारीची पुडी तिने उघडलीही नाही. बडोगला गाडी बराच वेळ थांबली. लांब बोगद्यातून बाहेर पडताच ते स्थानक येते. निळ्या-पांढऱ्या कौलारू घरासारखे. तेथे आम्ही चहा घेतला. कुंभार्लीनंतर ती प्रथमच एखाद्या घाटात उभी होती, हे मला तिथे एकदम आठवले. पण बोललो नाही.

सिमल्यास पोहोचलो तेव्हा मोटारवाली मंडळी तीन तास आधी येऊन, जेवून, मॉलवर एक फेरी मारून आली होती. त्यांची दोन तासांची बचत कशी खर्च झाली हे मी विचारले नाही, कारण त्यांनी ती चांगल्या रीतीने खर्च केली होती. मोटारवाल्याने वाटेत एका ठिकाणी थांबवून दाखविलेली दरी मेहुण्यांनी मोबाइलवर दाखविली. ती सुंदर होती, आणि गाडीतून तशी दिसली नव्हती, हे मला कबूल करावे लागले.

परतीसही तसेच दोन गट झाले. काळक्यास मेहुणे आमच्या आधी पोहोचून फलाटावर पोळ्यांचा डबा घेऊन वाट पाहत उभे होते. "किती बोगदे झाले, मावशी?" त्यांनी विचारले. आई जाताना-येताना दोन्ही वेळा बोटांची पेरे मोजीत होती. तिच्या हिशेबाने ते सत्त्याण्णव. मेहुण्यांनी एकशे दोन आहेत म्हणून सांगितले, पाटीवर तर एकशे तीन लिहिले आहे असे मी सांगितले. सोलनच्या पुढे तुमचा डोळा लागला असेल, असे मेहुण्यांचे मत पडले. तिने ते मान्य केले नाही. दिल्लीस पोहोचेपर्यंत ती सत्त्याण्णववर कायम होती.